सात खणांची डबी

पप्पांच्या गोळ्यांची डबी सात खणांची आहे. दर रविवारी संध्याकाळी मी ती भरायला बसते. रक्तदाबाची पांढरी, रक्त पातळ ठेवणारी गुलाबी, आणि एक अर्धी करून द्यायची, जी आजवर कधी सरळ तुटलेली नाही. एक तुकडा मोठा निघतो नि दुसऱ्याचा भुगा होतो. सातवं झाकण टक्‌ करून बसलं की आख्खा आठवडा मुठीत आल्यासारखा वाटतो. पप्पांना पक्षाघात झाल्यापासून पुढचं काही आधीच आटोपून ठेवल्याचं समाधान मला या एवढ्याच कामात मिळतं.

सुरुवातीला वाटायचं, विश्वासाचंही असंच करता येईल. रविवारी चर्चमध्ये उपासनेला जायचं, गीतं गायची, संदेश ऐकायचा आणि तो आनंद शनिवारपर्यंत पुरवून पुरवून वापरायचा. मंगळवारी दुपारीच खडखडाट! वर चारचौघांचं ऐकायचं, "विश्वासणाऱ्यानं कसं, नेहमी आनंदी असावं." असं सांगणारं माणूस रात्री तीन वाजता कुणाची ओली चादर बदलून आलेलं नसतं, असं माझं मत आहे. ते बदलायची अजून तरी वेळ आलेली नाही.

ही मंडळी ज्याच्या भरवशावर बोलतात, त्या बायबलमधल्या प्रेषित पौलाचं मात्र तसं नव्हतं. फिलिप्पै शहरातल्या विश्वासणाऱ्यांना त्यानं पत्र लिहिलं ते कैदेतून. चारच अध्यायांचं पत्र, आणि त्यात आनंदाचा विषय सारखा डोकं वर काढतो. "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा." मला त्यातल्या 'पुन्हा म्हणेन'ची फार गंमत वाटते. एकदा सांगून कुणाला पटायचं नाही, हे त्याला ठाऊक असावं. कदाचित स्वतःलाही दोनदा सांगावं लागत असेल. याच पत्रात दोन अध्याय आधी एपफ्रदीत नावाच्या सोबत्याच्या दुखण्याची हकिगत आहे. तो मरता मरता वाचला. पौल लिहितो, देवानं त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. हे वचन भिंतीवर टांगलेलं मी कुठं पाहिलं नाही. मला मात्र ते फार जवळचं वाटतं. आणि शेवटी शेवटी तो म्हणतो की, आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. शिकलो! म्हणजे कधीतरी त्यालाही ते येत नव्हतं.

बायबलात रानातल्या इस्राएल लोकांना देवाकडून मान्ना नावाचं अन्न मिळायचं, त्याची गोष्ट मला या डबीमुळे नव्यानं कळली. रोज सकाळी दव उडालं की जमिनीवर बारीक खवल्यांसारखं काहीतरी पडलेलं असे. माणशी एक ओमर, म्हणजे ठरलेलं एक माप, गोळा करायचं, बस. उद्यासाठी ठेवलं की त्यात किडे पडत नि घाण सुटे. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढी दुप्पट घ्यायची मुभा. ही गोष्ट सांगताना सगळे ठेवणाऱ्यांना नावं ठेवतात. माझा जीव त्यांच्यासाठीच तुटतो. उद्या सकाळी जमीन कोरडी निघाली तर, ही धास्ती माझ्या चांगल्या ओळखीची आहे. आणि नाव तरी काय पडलं त्या अन्नाचं? लोकांनी एकमेकांना विचारलं, "हे काय?" त्यांच्या भाषेतल्या त्या प्रश्नावरूनच मान्ना.

पप्पांच्या मेंदूला इजा झाली ती डाव्या बाजूला. चमचा समोर धरला तरी 'चमचा' हा शब्द येत नाही. माझं नावही येत नाही. पण पाठ असलेलं किंवा गायलेलं पुष्कळदा शाबूत राहतं, असं वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. एका सकाळी गोळ्या काढता काढता मी सवयीनं प्रभूची प्रार्थना, "हे आमच्या स्वर्गातील पित्या", असं पुटपुटले आणि पुढचे शब्द पलंगावरून आले. घोगरे, ओढल्यासारखे, पण अगदी क्रमानं. मी गप्पच झाले. ते पुढे गेले. 'रोजची भाकर' इथवर येऊन अडले. "आज," म्हणाले. जरा थांबून परत, "आज." मग दम घेऊन, "आम्हांला दे."

उजवा हात होता तिथंच पडलेला होता. काही म्हणता काही बदललं नव्हतं, तरी मी कितीतरी दिवसांनी खुशीत होते. दहा वाजेपर्यंत. मग विम्याच्या कागदांसाठी चौथ्यांदा फोन आला आणि खुशी कुठल्या कुठे गेली.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या आशेनं प्रार्थना सुरू केली, तर पप्पा घोरत होते. तिसऱ्या दिवशी गाडी सुरुवातीच्या 'पवित्र'पाशीच थांबली. पण त्याच दिवशी त्यांनी डाव्या हातानं सदऱ्याची बटणं लावली, सगळी एकेक घर चुकवून, आणि आरशात बघून स्वतःच हसले. मीही हसले. हे काय, असंच म्हणावं लागेल अशा गोष्टी असतात या. कालची आज उपयोगी पडत नाही, आणि आजची कशी दिसेल ते आधी ओळखू येत नाही.

आज गुरुवार. घाईत माझ्या हातून शुक्रवारचं झाकण उघडलं गेलं. पप्पांनी डाव्या हातानं ते दाबून लावलं, टक्‌! मग अलीकडच्या खणावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आज."