मीठ हाडापर्यंत: आमची वाटचाल

वसईत नाताळ म्हटला की इंद्याल, सोरपोतेल (दोन्ही व्हिनेगर घातलेले मांसाचे प्रकार) आणि फुगे (पिठाचे तळलेले गोळे). मग तुमच्याकडे हॅम कुठून आलं, असं बरेच जण विचारतात. पोर्तुगीजांकडून आलं असेल, असं त्यांनी स्वतःच ठरवलेलं असतं. पोर्तुगीज इथे 1534 पासून 1739 पर्यंत होते हे खरं, पण आमच्या ताटात त्यांची खूण आहे ती व्हिनेगर-लसणात मुरवलेल्या डुकराच्या मटणाची. हॅम, म्हणजे मिठात खारवलेली आणि वरून गोड चकाकी चढवलेली डुकराची अख्खी तंगडी, हा साहेबी प्रकार. आमच्या घरी तो मामामुळे आला.

मामा बोटीवर भंडारी, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी होता. पुढे तो अधिकाऱ्यांच्या स्वयंपाकघरात गेला आणि तिथे दर नाताळला हॅम भाजायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. बोटीवरच्या माणसाला नाताळात सुट्टी मिळणं कठीण. पण ज्या वर्षी मिळायची त्या वर्षी तो घरी आल्या आल्या, बॅगही न उघडता, आजीला विचारायचा, "सोरा आहे का घरात?" आजीकडे तो, म्हणजे मांस खारवायला लागणारा पोटॅशियम नायट्रेट, असायचाच. नाताळची जीभ ती मीठ, लिंबू आणि चिमूटभर सोरा लावून खारवायची. म्हणजे खारवणं आमच्याकडे आधीपासून होतं, मामाने फक्त जिभेच्या जागी तंगडी आणली.

तो कायमचा घरी परतला तेव्हा शेजारपाजारच्या सात घरांनी हॅम सांगितलं. तेच आमच्या धंद्याचं पहिलं वर्ष. मी, माझा नवरा आणि मामा. घरच्या ओव्हनमध्ये तंगडी मावेना, म्हणून गावातल्या आमच्याच एका नातेवाइकाची पावाची भट्टी संध्याकाळनंतर मागून घेतली. (सगळ्या बेकऱ्यांत डुकराचं मांस चालत नाही, आणि कुणाला गळ घालण्यातही अर्थ नसतो.) पाव निघून गेल्यावर उतरत्या आचेवर ट्रे आत सरकवायचे, प्रत्येक ट्रेला दोऱ्याने घराच्या नावाची चिठ्ठी. भट्टीची आच हवी तशी कमी-जास्त करता येत नाही. विस्तवाच्या बाजूचं हॅम काळं पडायचं, दुसऱ्या बाजूचं पिवळंच राहायचं. दर पाच मिनिटांनी मामा लांब फळीने ट्रे फिरवायचा आणि बोटीवरच्या शिव्या द्यायचा.

लोक हॅम पाहून जे "वाहवा" म्हणतात ते त्या चकाकीला, आणि ती अर्ध्या तासाचं काम असते. खारवलेली तंगडी आधी रात्रभर साध्या पाण्यात ठेवायची, म्हणजे जास्तीचं मीठ उतरतं. मग पाणी उकळू न देता मंद आचेवर शिजवायची, किलोमागे साधारण एक तास. कोमट असतानाच कातडी सोलायची. थंड झाली की ती चरबी घेऊनच निघते. उरलेल्या चरबीवर सुरीने शंकरपाळ्यांसारखे काप पाडायचे, खाली मांसापर्यंत सुरी जाऊ द्यायची नाही, आणि प्रत्येक शंकरपाळ्यात एक लवंग टोचायची. मामा ब्राऊन शुगर लावायचा. आम्ही कोल्हापुरी गूळ घेतला. तो संत्र्याच्या रसात वितळवून गाळायचा (गाळला नाही तर दाताखाली कचकच येते), त्यात मोहरीची पेस्ट, ताडीचं व्हिनेगर, भरड मिरी आणि झाकणभर रम. डिसेंबरात नागपुरी संत्री बाजारात असतातच. हे मिश्रण शेवटच्या पंचवीस मिनिटांत तीन वेळा लावायचं. गूळ लवकर जळतो, त्यामुळे आधी लावलं तर नुसता कोळसा हाती येतो. वर अननसाच्या चकत्या हव्यात असं कुणी सांगितलं तर डब्यातल्या वापरतो. ताज्या अननसातल्या रसाने मांस मऊ पडतं. तशी चकती हॅमवर रात्रभर राहिली की तिच्याखालचा थर पिठूळ होतो. हेही एकदा हात पोळूनच कळलं.

चौथ्या वर्षी आम्ही हावरटपणा केला. तोवर नाव झालं होतं, फोन थांबत नव्हते. 18 डिसेंबरला आणखी नऊ मागण्या घेतल्या. मामा म्हणाला, "मीठ काय लोकल पकडून येणार आहे?" आम्ही हसलो. त्या नऊ तंगड्या जेमतेम पाच दिवस मिठाच्या पाण्यात राहिल्या. बाहेरून इतक्या सुंदर दिसत होत्या की आम्ही फोटो काढले. नाताळच्या दुपारी पहिला फोन आला. आत हाडाभोवतीचं मांस करडं होतं आणि त्याला आंबूस वास येत होता. मीठ आतपर्यंत पोहोचलंच नव्हतं. तंगडी कुजायला लागते ती हाडाजवळून, आणि कापल्याशिवाय ते दिसत नाही. आम्ही दोघं स्कूटरवर नऊ घरी फिरलो. जेवणाच्या ऐन वेळी दारात उभं राहून "ते खाऊ नका" म्हणायचं. पैसे सगळ्यांचे परत केले. चार घरांनी पुन्हा कधी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी नफ्यातून काही घरी आलं नाही. एक उभा फ्रीज घेतला, जो 3-4 अंशांवर स्थिर राहतो, आणि वीज गेली तर म्हणून जनरेटर. जाड सुईची सिरिंज घेतली. आता मिठाचं पाणी आधी हाडाच्या कडेने, सांध्यात टोचतो आणि मगच तंगडी बुडवतो. सोरा बंद केला. त्याचा परिणाम सावकाश होतो आणि अंदाज लागत नाही. त्याऐवजी क्युरिंग सॉल्ट, म्हणजे 6.25 टक्के सोडियम नायट्राइट असलेलं मीठ, मांस आणि पाणी यांच्या एकत्र वजनाला किलोमागे 2.5 ग्रॅम. हे चमच्याने घ्यायचं नाही, काट्यावर मोजायचं. साध्या मिठात मिसळून जाऊ नये म्हणून त्याला मुद्दाम गुलाबी रंग दिलेला असतो. त्यामुळे गिऱ्हाइकाने पुडी पाहिली की प्रश्न ठरलेला, "हॅमला रंग लावता का?" हॅम गुलाबी होतं ते नायट्राइटमुळे. मांसातल्या लाल द्रव्याशी त्याचा संयोग होतो आणि तो रंग शिजवल्यावरही टिकतो. त्या पुडीतल्या रंगाचा त्यात काही वाटा नाही. शिवाय बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढू नयेत यासाठीही नायट्राइट लागतं. आमच्या लेबलावर तसं स्पष्ट छापलेलं असतं.

आणि मागण्या 10 डिसेंबरला बंद. ओळखीचा असो, पुढारी असो, नंतर आला तर न खारवलेलं रोस्ट घेऊन जावं.

2020 साली वाटलं की संपलं. 22 डिसेंबरपासून महापालिका हद्दीत रात्रीची संचारबंदी, चर्चमध्ये मध्यरात्रीची मिस्सा (प्रार्थना) नाही, पाहुणे नाहीत. सहा किलोची तंगडी कोण घेणार? वहिनी म्हणाली, हाड काढून दोन-दोन किलोचे गोळे बांधा. तिने दोऱ्याने ते असे आवळले की कापल्यावर चकती गोल निघते. गंमत म्हणजे हाडच नसल्याने आमची मूळ भीतीही गेली. आज निम्म्याहून जास्त मागणी या छोट्या हॅमलाच असते. मामा हयात असता तर त्याने त्याला हॅम म्हटलं नसतं.

बाकी वर्षभर सॉसेज, लग्नांच्या थंड प्लेट्स, ईस्टरला थोडी हॅम. त्यावर घर चालतं, सांगण्यासारखं काही नाही. मात्र छोट्या हॅममधून निघालेली हाडं आम्ही फेकत नाही. ती वालाच्या आमटीत अप्रतिम लागतात आणि नोव्हेंबरातच कुणी ना कुणी सांगून ठेवलेली असतात.

त्या नऊ घरांपैकी एका मावशींनी मात्र आम्हाला सोडलं नाही. दर वर्षी 1 नोव्हेंबरला त्यांचा पहिला फोन. हॅम अख्खंच हवं, हाडासकट. 24 तारखेला त्या दुकानात येतात, पिशवीतून घरची सुरी काढतात, माझ्यासमोर हाडापर्यंत एक काप घेतात, वाकून बघतात, वास घेतात. मग सुरी पुसून परत पिशवीत ठेवतात आणि पैसे मोजतात.