एकाच छेदातून रोबोटिक पायलोप्लास्टी, माझा अनुभव

मला पीयूजे ऑब्स्ट्रक्शन होतं, म्हणजे किडनीतून लघवीची नळी जिथे सुरू होते तिथेच ती अरुंद, मग लघवी वरच तुंबते, किडनी सुजते, आणि पाणी जरा जास्त प्यायलं की कमरेत अशी कळ यायची की बसवत नव्हतं. डीटीपीए स्कॅनमध्ये (किडनीतून लघवी कशी उतरते ते दाखवणारी तपासणी) लॅसिक्सचं, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन देऊनही लघवी खाली उतरेना, तेव्हा ऑपरेशन ठरलं. अरुंद भाग कापायचा आणि नळी परत किडनीला जोडायची, हीच पायलोप्लास्टी.

डॉक्टर म्हणाले बेंबीतून एकच छेद घेऊन रोबोटने करू. मी विचारलं, साध्या दुर्बिणीने एका छेदातून होत नाही का? होतं, पण सरळ दांड्याची हत्यारं एकाच भोकातून गेली की एकमेकांवर आपटतात, टाका घालायला कोनच मिळत नाही, आणि या ऑपरेशनचा सगळा जीव त्या बारीक टाक्यांत, ते नीट बसले नाहीत तर लघवी गळते किंवा जागा परत आवळते. दा विंची एसपी या एका छेदाच्या रोबोटमध्ये (अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने 2018 मध्ये युरॉलॉजीसाठी मान्यता दिली) साधारण 2.5 सेंटिमीटरच्या एकाच नळीतून कॅमेरा आणि तीन हत्यारं आत जातात आणि आत गेल्यावर कोपर-मनगटासारखी वाकतात. रोबोट स्वतःहून काही करत नाही, डॉक्टर कन्सोलवर बसून प्रत्येक हालचाल करतात. गरज पडली तर जादा छेद किंवा ओपन करू हेही त्यांनी आधीच सांगून सही घेतली, मला ते फार बरं वाटलं.

नंतर छेदापेक्षा खांदा जास्त दुखला! पोटात भरलेल्या गॅसमुळे होतं म्हणे, चालायला लागल्यावर गेलं. खरा त्रास डीजे स्टेंटचा, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंत आत ठेवलेल्या बारीक नळीचा. सारखी लघवीला लागायची, करताना कमरेत चमक यायची, मधेच लघवी लालसर व्हायची. याबद्दल कुणी आधी फारसं बोलत नाही, सगळे छेद केवढा तेच विचारतात. पण जोड भरून येईपर्यंत तो लागतोच, सहसा 4 ते 6 आठवडे, गोळ्यांनी थोडा आराम पडतो. काढताना भूल द्यावी लागली नाही, जेली लावून दुर्बिणीने पटकन काढला.

नंतरच्या स्कॅनमध्ये लघवी व्यवस्थित उतरताना दिसली, ते बघून डोळे भरून आले. आता मधूनमधून सोनोग्राफी चालू आहे, कारण जोड उशिरानेही आवळू शकतो.