जिल्ह्याचा आकडा कुठे मोजला जातो?

‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ हाती आले की मी आधी तक्त्यांखालची बारीक टाइपातली ‘आधार’ ही ओळ वाचतो. नियोजन विभागाच्या अखत्यारीतील अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे जिल्हा कार्यालय हे समालोचन तयार करते, पण त्यातले बहुतेक आकडे ते स्वतः मोजत नाही. पिकांचे क्षेत्र कृषी आणि महसूल खात्यांकडून येते, पशुधनाची संख्या पशुसंवर्धन खात्याकडून आणि लोकसंख्या जनगणनेतून. नाशिकचे १५ तालुके एका पानावर ओळीने मांडलेले दिसले की सगळे एकाच वेळी आणि एकाच पद्धतीने मोजले गेले असावे, असा समज होतो. प्रत्यक्षात एका तक्त्यात जुलै ते जून असे कृषी वर्ष असते, दुसऱ्यात आर्थिक वर्ष, तर लोकसंख्येच्या रकान्यात अजूनही २०११ चे ६१,०७,१८७.

वर्षांचा हा फरक निदान शीर्षकात लिहिलेला असतो. ठिकाणाचा फरक मात्र सहज लक्षात येत नाही, आणि माझ्या मते जास्त घोळ तिथेच होतो.

जन्मनोंदणीचेच पाहा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार जन्माची माहिती २१ दिवसांत कळवायची असते आणि नोंद होते ती जन्म जिथे झाला तिथल्या निबंधकाकडे. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या एखाद्या गरोदर बाईला अडचणीची प्रसूती म्हणून नाशिक शहरातल्या रुग्णालयात हलवले, तर ते मूल महापालिकेच्या नोंदवहीत चढते. अशा नोंदींवरून तालुक्याचा जन्मदर किंवा मुलींचे प्रमाण काढायला बसले, तर पाड्यावरची मुले शहराच्या खात्यात जातात आणि सुरगाण्यात जन्म कमी झाल्याचे दिसते. नोंदणीच्या अर्जात सांख्यिकी माहितीचा एक वेगळा भाग असतो, त्यात आईचे नेहमीचे राहण्याचे ठिकाण विचारलेले असते. तो रकाना नीट भरला गेला तरच हे मूल कागदावर आपल्या तालुक्यात परत येऊ शकते. रुग्णालयातल्या घाईत तो भाग कितपत काळजीने भरला जात असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

लासलगावच्या कांद्याचीही गत काहीशी अशीच आहे. बाजार समितीत रोज आवक क्विंटलमध्ये नोंदली जाते आणि किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर जाहीर होतात. बातमीत बहुधा कमाल दर झळकतो, जो मोजक्याच ट्रॉल्यांना मिळालेला असतो. आवकीचा आकडा तर उत्पादनाचा मुळीच नव्हे, कारण माल लासलगावच्या निफाड तालुक्याबरोबर येवला-चांदवडकडूनही येतो आणि चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा काढणीनंतर कित्येक महिन्यांनी लिलावाला येतो.

पिकांच्या क्षेत्रात हा घोटाळा होत नाही. २०२१ पासून राज्यात सुरू असलेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी मोबाइलवरून पिकाचा फोटो काढून नोंद करतो, आणि तो स्वतः नाशकात राहत असला तरी पीक ज्या गटात उभे आहे त्याच गावाच्या सात-बाऱ्यावर लागते. जिल्ह्याच्या उत्पन्नाचा अंदाजही ‘उत्पन्न जिथे निर्माण झाले’ या तत्त्वावर बांधतात. त्यामुळे सातपूर-अंबडच्या कारखान्यातले उत्पन्न नाशिकचे धरले जाते, मग नफा घेणारा मालक मुंबईत का राहत असेना. हे तत्त्व ठाऊक नसले की दरडोई उत्पन्न म्हणजे लोकांच्या खिशातला पैसा, असे वाटू लागते.

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे लोकसंख्येचा रकाना बदलेल. पण जन्माची तालुकावार संख्या जन्माच्या ठिकाणानुसार एकदा आणि आईच्या निवासानुसार एकदा, अशी शेजारी-शेजारी छापण्यासाठी जनगणनेची वाट पाहण्याचे कारण नाही. अर्जात तो प्रश्न आधीपासूनच आहे.