पाडव्याचा डाव: खांदेरी, 1679

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या ओटीवर खांदेरीची लढाई होते, टेबलावर छोट्या गलबतांनी खेळायची. यंदाचं आठवं वर्ष. अंघोळी, ओवाळणी, फराळ उरकला की जुन्या घराची दोन दारं सुताराच्या घोड्यांवर आडवी टाकायची, वर निळी ताडपत्री ताणून बसवायची, आणि मग दुपारच्या जेवणापर्यंत आम्हाला कुणी हाक मारायची नाही, असा घरात ठराव आहे.

मी अलिबागजवळच्या थळचा. होड्यांवर नावं आणि नंबर रंगवतो. बंदरावर उभं राहिलं की समोर उंदेरी आणि तिच्यापलीकडे खांदेरी, तिच्यावरचं दीपगृह. लहानपणापासून रोज पाहिलेली ही बेटं. वेताळाला नारळ द्यायला आईबरोबर कितीदा गेलो असेन. 2025च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात खांदेरी आहे. त्या दिवशी बंदरावर मी पेढे वाटले. उंदेरी त्या यादीत नाही, ते मात्र अजून मनाला लागतं.

खेळाची सुरुवात मास्तरांनी केली. मास्तर म्हणजे माझा शाळेतला मित्र, आता स्वतःच इतिहास शिकवतो. तिकडे युरोपात छोटी सैन्यं रंगवून टेबलावर जुन्या लढाया खेळतात, हे त्याने पहिल्यांदा मोबाइलवर दाखवलं. वॉटर्लूचं टेबल होतं, शेकडो शिपाई, एकेकाच्या कोटाची बटणं वेगळी रंगवलेली. मी ते मोठं करून करून पाहिलं. होडीच्या नाळेवर वीतभर अक्षर काढणाऱ्याला नखाएवढ्या चेहऱ्यावरची मिशी पाहून काय वाटलं असेल, ते रंगाच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. मी म्हटलं, आपण खांदेरी करू. समोरच तर आहे.

आरमार बनवायला पहिलं वर्ष पूर्ण गेलं. माप ठरवलं एकास तीनशे. हलक्या पांगाऱ्याच्या लाकडाची गलबतं, तर्जनीएवढी. डोलकाठीला खराट्याचा हीर. शिडाला मांजरपाट, खळ लावून कडक केलेलं आणि ओलं असतानाच बोटावर वाकवलेलं, म्हणजे वारा भरल्यासारखं फुगतं. वल्ही नायलॉनच्या ब्रशाच्या केसांची. पुढच्या शतकातल्या इंग्रजी वर्णनात गलबताला 40 ते 50 वल्ही सांगितली आहेत. तेवढी बसेनात, म्हणून एका बाजूला दहा बसवली. माणसं मात्र सोडायची नव्हती. खलाशाच्या अंगाला हिराचाच तुकडा आणि डोक्यावर पगडी म्हणून राजगिऱ्याचा एक दाणा. चिमट्याने उचलायचा, डिंकात बुडवायचा, बसवायचा, वाळला की सुईच्या टोकाने लाल किंवा पांढरा टिपका. एका गलबतावर बारा पगड्या, आणि गलबतं तीस.

पाचव्या वर्षी परतीच्या पावसात कौल गळलं आणि पेटीत पाणी गेलं. राजगिरा फुगला, पगड्या सुटल्या, दोन गलबतांवर चक्क कोंब आले. ती दोन्ही उघडी बोडकी गलबतं हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. पुढचे चार महिने पुन्हा दाणे बसवण्यात गेले. आता सगळ्यांवर होडीचंच व्हार्निश मारतो.

लढाई थोडक्यात सांगतो. मुंबईच्या तोंडावरचं हे बेट महाराजांना हवं होतं. 1672 साली एकदा प्रयत्न झाला होता, तेव्हा इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी आडवे आले. मग ऑगस्ट 1679 मध्ये, पाऊस अजून सुरू असताना, महाराजांचा सरदार मायनाक भंडारी माणसं घेऊन खांदेरीवर उतरला आणि तटाचं काम सुरू झालं. मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं पाठवून वेढा घातला. 19 सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. पुढे कॅप्टन केग्विन आणि कॅप्टन मिंचिन ‘रिव्हेंज’ हे मोठं फ्रिगेट, म्हणजे शिडाची युद्धनौका, घेऊन आले, सोबत दोन गुराबा (शिडाची लढाऊ जहाजं), त्यातली एक ‘डोव्हर’, शिवाय शिबाडं, मचवे अशा लहान होड्या. 18 ऑक्टोबरच्या पहाटे महाराजांचा आरमारी सरदार दौलतखान याचं आरमार चौलच्या जरा उत्तरेकडून, किनाऱ्याकडून एकदम चालून आलं. इंग्रजांना नांगर उचलायला धड वेळ मिळाला नाही. अर्ध्या तासाच्या आत डोव्हरने निशाण उतरवलं, म्हणजे शरण गेली. रिव्हेंज मात्र टिकली आणि तिच्या तोफांपुढे मराठी गलबतांना मागे हटावं लागलं.

तर आम्ही हे खेळायला लागलो आणि तीन वर्षं ओळीने इंग्रज जिंकले.

नियम मास्तरांनी तिकडचेच छापून आणले होते. मोठी जहाजं रांगेत उभी राहून कुशीतल्या तोफा डागतात, त्या लढायांचे. वाऱ्यासाठी फासा होता: एक पडला तर उत्तर, दोन पडले तर ईशान्य, असं. जहाज बुडवलं की गुण. माझ्या गलबतांवर दोन ते चार पौंडी गोळ्यांच्या चिमुकल्या तोफा, तिकडे रिव्हेंज. तीस गलबतं घेऊन जायचो आणि बारा घेऊन परत यायचो. मला ते खुपायचं. हरल्याचं एवढं नाही, पण खांदेरी शेवटी महाराजांकडेच राहिली ना? मग आमच्या टेबलावर ती दर पाडव्याला जाते कशी?

तिसऱ्या वर्षी तांडेल बघायला आला. आमचाच वर्गमित्र, त्याची स्वतःची होडी आहे. पाडव्याला दर्यावर जात नाही. चकलीचा तुकडा तोंडात टाकून त्याने मास्तरांना फासा टाकताना पाहिलं.

“हे काय टाकतोस?”

“वारा.”

“आश्विनातल्या पहाटेचा वारा फाशाला विचारतोस? मला विचार ना.”

मग त्याने ताडपत्रीवर बोट ठेवून सांगितलं. पाऊस गेला की पहाटे मतलई सुटते, जमिनीवरून दर्याकडे. उन्हं चढली की ती पडते. मधे तास-दोन तास पान हलत नाही. मग दुपारी खारा वारा भरतो, दर्यावरून बंदराकडे. हा नेम रोजचा. पहाटे किनाऱ्याकडून निघालेल्याच्या पाठीला वारा असतो, हातात वल्हं असतं. आणि वारा पडला की शिडाचं जहाज जिथे आहे तिथे. “तुझी रिव्हेंज त्या दोन तासांत फक्त गोल फिरेल, तीही पाण्याने फिरवली तर,” तो मास्तरांना म्हणाला. उंदेरीच्या आतल्या बाजूने कोण जाईल, कोण खडकावर बसेल, ते त्याने बोटाने आखून दाखवलं. बेटाच्या कडेच्या दगडांना कालवं धरतात, रात्री उतरणाऱ्याचे पाय त्यावर कसे कापतात, तेही सांगितलं. त्याच्या स्वतःच्या पोटरीवर वण आहे.

मास्तरांनी छापील कागद बाजूला सारले. मला त्याची ही गोष्ट फार आवडते. नंतर त्यानेच शोधून सांगितलं की असे युद्धखेळ प्रशियाच्या सैन्यात 1824 साली लेफ्टनंट राइसविट्झने रूढ केले, नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन. पन्नासेक वर्षांनी तिथल्याच अधिकाऱ्यांना नियमांच्या तक्त्यांचा कंटाळा आला आणि त्यांनी निकाल अनुभवी पंचावर सोपवायला सुरुवात केली. आमचा तांडेल तेव्हापासून पंच आहे. त्याच्यासमोर पुठ्ठ्याचा एक बाण असतो. तो बाण वळवतो, तिकडून वारा. वारा पडला की बाण पालथा. बाण पालथा असेपर्यंत गलबतं वल्ह्यांवर चार बोटं सरकतात, रिव्हेंज शून्य. गुराबेला गलबतांनी दोर लावून ओढलं तर दोन बोटं.

मग गुणांचाही विचार आला. जहाजं मोजायची कशाला? मायनाक भंडारी तिथे जहाजं बुडवायला बसला नव्हता, तट बांधायला बसला होता. इंग्रजांचं दुखणंही तेच होतं: त्यांची जहाजं पहारा देत असताना छोटी मराठी गलबतं रात्री बेटावर सामान पोचवत राहिली. म्हणून आता बंदरातले काळे खडे आणतो, हरभऱ्याएवढे. दोन उंचवट्यांचा एक मोठा दगड म्हणजे खांदेरी. गलबत बेटाला टेकलं की एक खडा चढतो. वीस खडे झाले की तट पुरा. जहाजं किती का बुडेनात.

रात्रीच्या फेरीला स्वयंपाकघरातल्या सहा वाट्या लागतात. पालथ्या घालायच्या, दोनच वाट्यांखाली गलबतं, बाकी रिकाम्या. सहाही वाट्या एकदम बेटाकडे सरकतात आणि इंग्रजाला एकच उचलता येते. स्टीलची वाटी ताडपत्रीवरून सरकताना जो आवाज होतो, तो मला वर्षभर आठवत राहतो.

गेल्या वर्षी मास्तरांनी आणखी एक चूक काढली. इंग्रजांची 18 ऑक्टोबर ही तारीख त्यांच्या जुन्या पंचांगाची. आजच्या मोजणीने ती 28 ऑक्टोबर येते. तिथून तिथी मागे मोजली तर आश्विन वद्य अष्टमी-नवमीच्या आसपास. म्हणजे लढाई दिवाळीच्या आठवडाभर आधीची! आम्ही पाडव्याला खेळतो म्हणून नकळत अमावास्येचं उधाण धरून चाललो होतो, भरती भरपूर, सगळे खडक पाण्याखाली. तांडेल लगेच म्हणाला, अष्टमीला भांग असते, पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही. मग उंदेरीच्या आतला रस्ता फक्त गलबतांचा. गुराबेने तिथे शिरायचं नाही. यंदा पहिल्यांदाच भांगाच्या पाण्यावर खेळलो.

मास्तर इंग्रज. मुंबईहून आलेला चौथा मित्र त्याच्या हाताखाली, डोव्हर आणि दुसरी गुराब सांभाळायला. मी दौलतखान. मायनाक भंडारी माझी पुतणी, सहावीत आहे. अंगणातला किल्ला तिनेच केला होता, गोणपाटावर माती लिंपून, वर मोहरी पेरून. खडे तिच्या ताब्यात.

पहिल्या चार फेऱ्या मतलई. मी वीस गलबतं एकदम सोडली. डोव्हरला नांगर उचलायला दोन फेऱ्या लागतात, दुसरी पुरी व्हायच्या आत तिच्याभोवती पाच गलबतं. मुंबईकराने फासे फुंकले, टाकले: एक आणि दोन. निशाण उतरलं. इथवर इतिहासाप्रमाणेच. पण मास्तर कच्चा नाही. त्याने रिव्हेंजचा नांगर काढलाच नाही, दोर ढिला करून तिची कूस माझ्याकडे वळवली आणि तशीच तोफा डागत राहिला. तांडेलाने मान हलवली, चालेल. दोन फेऱ्यांत माझी सात गलबतं गेली. प्रत्येक गलबत उचलताना बारा पगड्या दिसतात, आणि प्रत्येक पगडी मी बसवलेली आहे.

मग बाण पालथा पडला. ओटीवरही खरंच वारा नव्हता. मी उरलेली गलबतं वल्ह्यांवर रिव्हेंजच्या मागच्या बाजूला नेली, जिथे तिच्या तोफा कमी. तिला हलवता येईना. पण मलाही ती घेता येईना. दोनदा चढाई केली, दोनदा मागे आलो. माझं सगळं लक्ष तिच्यावर, मास्तरांचं सगळं लक्ष माझ्यावर.

आणि पुतणी रात्रीच्या फेरीची वाट बघत होती. माझ्याकडे तिने दोनच गोष्टी मागितल्या: उंदेरीच्या आतून जायची परवानगी आणि सहा वाट्या. पहिल्या रात्री मास्तरांनी रिकामी वाटी उचलली. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या रात्री त्याने बरोबर वाटी पकडली, गलबत गेलं, पण दुसरं पोचलं. फराळाचं ताट तसंच पडून होतं. तांडेल बाण धरून उभा, मुंबईकर खुर्चीवरून पुढे झुकलेला. पुतणी प्रत्येक खडा शर्टाला पुसून मग तटावर ठेवत होती, दोन बोटांत धरून, शेजारच्या खड्याला धक्का लागू न देता.

शेवटच्या फेरीला खारा वारा सुटला. मास्तरांनी रिव्हेंज हाकारली. सरळ बेटावर चालून गेला आणि वाटेत माझी आणखी दोन गलबतं बुडवली. त्याची तोफ बेटाला लागणार, एवढ्यात तांडेल म्हणाला, “मास्तर, आधी दगड मोज.”

मास्तरांनी वाकून मोजले. एकदा मोजून विश्वास बसला नाही, म्हणून बोट लावून पुन्हा. वीस.

जेवायला बसलो तेव्हा दोन वाजून गेले होते. पुतणीने ताटावरच विचारलं, “काका, सिद्दी कधी आणायचा?” तिचं बरोबर आहे. नोव्हेंबरात सिद्दी कासीम आपलं आरमार घेऊन या वेढ्यात आला आणि जानेवारी 1680 मध्ये त्याने उंदेरीवर तट बांधायला घेतला. पुढच्या पाडव्याला टेबलावर दोन बेटं आणि तीन आरमारं हवीत. तिसरं दारही लागेल. पांगाऱ्याचा ओंडका काल आणलाय, ओटीवर वाळत पडलाय, आणि उंदेरीसाठी बसक्या आकाराचा दगड बघायला तांडेल आणि मी रविवारच्या ओहोटीला जाणार आहोत.