एका मात्रेपायी दहा महिने

ऑगस्ट २०२४ मध्ये मी कोपरखैरण्याच्या एका अनुदानित मराठी शाळेत शिक्षण सेवक, म्हणजे सुरुवातीची तीन वर्षं ठरावीक मानधनावर काम करणारी शिक्षिका, म्हणून रुजू झाले आणि पहिलं मानधन बँकेत जमा झालं ते जून २०२५ मध्ये. नेमणुकीचं पत्र हातात आलं की सुटलो, असं भरतीत नाव लागलेल्या प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटलं होतं. म्हणून मधल्या दहा महिन्यांबद्दल लिहिते आहे.

नोकरी लागली कशी, ते दोन ओळींत सांगते. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी दिली, दोन तासांत २०० प्रश्न. पवित्र पोर्टलवर, म्हणजे भरतीच्या सरकारी संकेतस्थळावर, शाळांचे प्राधान्यक्रम भरले, मुलाखतीसह असलेल्या फेरीत नाव आलं, मुलाखत आणि पाठ मिळून जे ३० गुण असतात त्यांत मी पुढे राहिले. माध्यमिकच्या शिक्षण सेवकाला महिना १८,००० रुपये. २०२३ च्या आधी हेच ८,००० होते, त्यामुळे आपण नशीबवान, असं मी घरी सांगत होते.

माझ्या नेमणुकीला शिक्षण विभागाची मान्यता लागते, त्याचा प्रस्ताव शाळेने पाठवला. मध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली, २० नोव्हेंबरला मतदान झालं, मलाही केंद्रावर ड्यूटी होती. डिसेंबरमध्ये वैयक्तिक मान्यता आली. आमच्या मोठ्या बाईंनी पेढे वाटले. मी सासूबाईंना म्हटलं, आता जानेवारीपासून पगार.

मग शालार्थ आयडीचा, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन पगार प्रणालीतल्या क्रमांकाचा, प्रस्ताव शिक्षण विभागाच्या कार्यालयात गेला आणि तिथे गाडी रुतली. हा आयडी मिळाल्याशिवाय पगार बिलात नाव चढत नाही. तुम्ही वर्ग घ्या, मस्टरवर सह्या करा, पेपर तपासा, पण पगार बिलं मंजूर करणाऱ्या वेतन पथकाच्या लेखी तुम्ही शाळेत नाहीच. नेमणूक आणि मान्यता मिळालेला माणूस महिनोन् महिने बिनपगारी राबतो आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटत नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

फेब्रुवारीत प्रस्ताव परत आला. त्रुटी : नाव. दहावी ते बी.ए. माझी कागदपत्रं माहेरच्या नावाने, लग्नानंतर केलेलं बी.एड. आणि आधार सासरच्या नावाने. विवाह नोंदणीचा दाखला जोडलेला होता, पण तो चालणार नाही, नावबदलाचं राजपत्र लावा म्हणाले. राजपत्रासाठी अर्ज केला, पैसे भरले, राजपत्र आलं, प्रस्ताव पुन्हा गेला. मार्चअखेर पुन्हा परत. या वेळी संस्थेच्या ठरावाची प्रत अस्पष्ट. स्वच्छ प्रत काढून, साक्षांकित करून तिसऱ्यांदा दिला. एप्रिलमध्ये मी स्वतःच शाळेचं पत्र घेऊन त्या कार्यालयात गेले. तीन वाजेपर्यंत बाकावर बसले. संबंधित लिपिकांनी माझी फाइल काढली, विवाहाचा दाखला आणि दहावीची गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवली आणि पेन्सिलीने एका अक्षरावर बारीक गोल केला.

"मॅडम, इथे वडिलांचं नाव दत्तात्रय आहे. इथे दत्तात्रेय."

ती मात्रा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. बाबा सहीत नुसतं 'द.' लिहितात. नोंदणीच्या वेळी ज्याने अर्ज भरला त्याने शुद्ध म्हणून मात्रा दिली असणार. मी म्हटलं, "साहेब, हे दोन्ही कागद पहिल्या दिवसापासून याच फाइलमध्ये आहेत. फेब्रुवारीतच का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "तेव्हा टेबल दुसऱ्यांकडे होतं." परत येताना ठाणे स्टेशनच्या पुलावर मी एका कोपऱ्यात उभी राहून रडले. त्या रात्री बाबांचा फोन आला. माझ्या नावामुळे तुझं अडलं का गं, असं त्यांनी विचारलं, आणि त्या कार्यालयाबद्दल मला सगळ्यात जास्त चीड त्या क्षणी आली.

आता काम कशाने झालं ते सांगते. शाळेतल्या एका ज्येष्ठ सरांनी मला माहितीच्या अधिकारात अर्ज करायला लावला. महाराष्ट्रात या अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय घेता येतो, म्हणून तक्रारीचा पाढा वाचायचा नाही. मी इतकंच विचारलं : माझा प्रस्ताव कोणत्या तारखेला आवक झाला, आजवर कोणाच्या टेबलावर किती दिवस होता, त्यावर प्रत्येकाने काय शेरा लिहिला, आणि आता नेमक्या किती त्रुटी शिल्लक आहेत. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं. उत्तराला कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे, पण त्याच्या आतच शाळेत फोन आला की प्रतिज्ञापत्र जोडा, बाकी काही नाही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं प्रतिज्ञापत्र केलं. मे महिन्यात आयडी आला.

याच प्रतिज्ञापत्रासाठी मी ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर घेतला, कारण १०० चा बंद होऊन ५०० चा झाला असं सगळे सांगत होते. पण शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, २००४ पासून. साध्या कागदावर चालतं. हे मला नंतर कळलं. तुम्ही पैसे घालवू नका, आणि कोणी अडवलं तर लेखी मागा.

लेखी मागण्यावरून आठवलं. प्रस्ताव देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पहिल्या खेपेला आमच्या शिपाईमामांनी नुसता गठ्ठा ठेवून दिला होता आणि फाइल आलीच नाही असं आम्हाला दोन आठवडे ऐकवलं गेलं.

पैशाचं म्हणाल तर मिस्टरांचा पगार होता म्हणून निभावलं. मार्चमध्ये सासूबाईंनी भिशीचा आपला नंबर मला दिला, काही न बोलता पाकीट ओट्यावर ठेवलं. शिकवण्या घे म्हणून अनेकांनी सुचवलं, पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई आहे. मी त्या वाटेला गेले नाही, याचं मला समाधान आहे. ज्याच्या घरात दुसरा पगार नाही त्याने किमान आठ-दहा महिन्यांच्या खर्चाची सोय करूनच रुजू व्हावं. हे सांगताना वाईट वाटतं, पण खरं आहे.

वर्गाने मात्र मला या सगळ्यात सावरलं. नववी ब, ६३ मुलं. निम्म्यांचे वडील वाशीच्या बाजार समितीत माथाडी, गावं साताऱ्याकडची, जुन्नरकडची. काही मुलं घरी हिंदी बोलणारी. पहिले दोन महिने मी ओरडून शिकवलं आणि गणपतीनंतर माझा आवाज पूर्ण बसला. शेजारच्या वर्गाच्या बाईंनी सांगितलं, वर्ग शांत झाल्याशिवाय तोंडच उघडायचं नाही, फळ्यावर तारीख लिहून उभं राहायचं. चार दिवस कठीण गेले, मग मुलंच एकमेकांना गप्प करायला लागली. दुसरं म्हणजे टाचण, म्हणजे आठवड्याच्या पाठांची लेखी तयारी, रविवारी संध्याकाळी लिहून टाकत जा. आठवड्यात बदली तास लागतात, ऑफ तासांचा भरवसा नसतो, आणि आधार जुळणीपासून प्रगतिपुस्तकापर्यंतची कामं नव्या शिक्षकाच्याच गळ्यात येतात.

एप्रिलमध्ये ज्या दिवशी ती मात्रा निघाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी परीक्षेआधीची उजळणी म्हणून मला समास घ्यायचा होता. मन लागत नव्हतं. फळ्यावर 'कांदाबटाटा' लिहिलं आणि विचारलं, विग्रह करा. सगळे ओरडले, कांदा आणि बटाटा. इतरेतर द्वंद्व म्हणून मी पुढे जाणार, तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. तो एरवी वर्गात चकार शब्द काढत नाही. म्हणाला, "बाई, पण कांदाबटाटा मार्केटात लसूण पण असतो. माझे पप्पा लसणाच्याच गाळ्यावर आहेत."

मी खडू खाली ठेवला. मग त्याच शब्दावर अख्खा तास झाला : कांदा, बटाटा आणि तसलं इतरही, म्हणजे समाहार द्वंद्व. पाठोपाठ मुलांनी चहापाणी, मीठभाकर, भाजीपाला असे शब्द स्वतः काढून दिले. वार्षिक परीक्षेत या प्रश्नाचे गुण माझ्या वर्गात जवळजवळ कोणाचे गेले नाहीत, आणि हे मी अभिमानाने सांगते.

जूनचं मानधन आलं ते फक्त चालू महिन्याचं. मागच्या महिन्यांचं थकीत बिल शाळेला वेगळं करावं लागतं, ते आपोआप मिळत नाही. आयडी आला त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांकडे त्यासाठी लेखी अर्ज द्या. मी तो महिनाभर उशिरा दिला, त्यामुळे माझी रक्कम दिवाळीच्या तोंडावर जमा झाली. सासूबाईंचे भिशीचे पैसे त्यातूनच परत केले. त्या घ्यायला तयार नव्हत्या. मी पाकीट ओट्यावर ठेवलं.