बटण दाबलेलं सापडतं की मोकळं?

अंबडच्या एका कारखान्यातला पॅकिंगचा कन्व्हेयर दर शिफ्टला पाच-सहा वेळा ई-स्टॉपवर, म्हणजे आणीबाणीत मशीन थांबवायच्या लाल बटणावर, बंद पडायचा. लाईनवर अशी चार बटणं. तक्रार ठरलेली: "साहेब, बटण फार हलकं आहे." हलकं कसलं? पण आम्ही पोचायच्या आत कुणीतरी बटणाभोवती तीन इंची पाइपचा खोल तुकडा बसवून मोकळं झालं होतं. 40 मिमीचं लाल बटण आत, बाहेर तळवा अडकलेला. चामड्याचा हातमोजा घालून दाबून बघितलं, तर बोटं खुपसावी लागली. तो पाइप आधी काढला.

ई-स्टॉप एकदा दाबला की अडकून राहतो. फिरवल्याशिवाय किंवा ओढल्याशिवाय सुटत नाही. म्हणून दोन दिवस ऑपरेटरला एवढंच लिहायला लावलं: लाईन पडली तेव्हा कोणतं बटण, आणि ते दाबलेलं की मोकळं.

दाबलेलं सापडायचं ते नेहमी दोन नंबरचं. बिनची ट्रॉली तिथे वळते, तिची कड जमिनीपासून 55 सेंमीवर, बटणही तेवढ्यावरच. आयएसओ 13850 या ई-स्टॉपच्या आंतरराष्ट्रीय मानकात बटणाची उंची 0.6 ते 1.7 मीटर दिलीय, बॉक्स 1.1 मीटरवर नेला. भोवती बाजारात मिळते तीच पिवळी कॉलर: समोरून तळवा सरळ बसतो, बाजूचा धक्का कडेवर जातो. ट्रॉलीची चाकं अडवायला जमिनीवर अँगल ठोकला. खरा इलाज तो अँगलच.

मोकळं असताना लाईन पडायची ती तीन नंबरमुळे. टर्मिनलचा स्क्रू थरथरीने ढिला झालेला, सर्किट मध्येच तुटायचं. वायरच्या टोकाला फेरूल (धातूची टोपी) लावून कसला, झालं.

चार नंबरची तक्रारच नव्हती. सगळे उघडतोय तर हाही म्हणून उघडला. बटणामागचा कॉन्टॅक्ट ब्लॉक, म्हणजे सर्किट तोडणारा स्विच, बेसवरून निसटून वायरीला लोंबत होता. एनसी कॉन्टॅक्ट, म्हणजे एरवी जोडलेला, बटणाने ढकलला तरच तुटणारा; त्यामुळे निसटला तरी सर्किट जोडलेलंच. बटण दाबलं, लाईन चालूच. जुनं मशीन, सिंगल चॅनल, दुसरा आधार नाही. आठवड्याची टेस्ट सुपरवायझरने बंद केलेली: "आधीच इतकी पडते, आपण आणखी कशाला पाडायची?" माणूस वाईट नाही, डोक्यावर टार्गेट होतं.

चारही ठिकाणी निसटल्यावर स्वतःच सर्किट तोडणारे ब्लॉक टाकले. प्रत्येक बटण दाबून लाईन थांबवून दाखवली. फिरवून सोडल्यावर ती आपोआप सुरू होत नाही ना, तेही बघितलं.

चार नंबर कधीपासून लोंबत होता, कुणालाच सांगता आलं नाही. ब्लॉकवर पुठ्ठ्याची धूळ पिठासारखी बसली होती.