पुद्दुचेरीच्या ताटातले देश

दादरहून सुटणाऱ्या चालुक्य एक्स्प्रेसमध्ये दोन रात्री काढून आम्ही पुद्दुचेरीला उतरलो, तेव्हा माझ्या वहीत पाहण्याच्या ठिकाणांऐवजी जेवण्याच्या ठिकाणांची यादी होती. सोबत माझी थोरली बहीण होती. ती मासे खाते, पण मटण-चिकनला हात लावत नाही, आणि हॉटेलात गेल्यावर मेनूकार्डाआधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहते. जेमतेम तासाभरात सायकलने पालथे घालता येईल अशा या गावात फ्रेंच, व्हिएतनामी, इटालियन, कोरियन अशी उपाहारगृहे कशी दाटली आहेत आणि त्यांतली खरोखर इथली किती, हे मला पाच दिवसांत पाहायचे होते.

उत्तराचा पहिला धागा इतिहासात आहे, हे उघडच आहे. फ्रांस्वा मार्तँ या फ्रेंच व्यापाऱ्याने 1674 मध्ये येथे वखारीचा जम बसवला. शिवाजी महाराजांच्या दक्षिण दिग्विजयाच्या काळात तो इथेच होता आणि त्याच्या आठवणींच्या लेखनात त्या मोहिमेचा उल्लेख येतो. जिंजी येथून सत्तरएक किलोमीटरवर आहे, पण बहिणीने मला आधीच बजावले होते की या खेपेला किल्ले नाहीत. 1 नोव्हेंबर 1954 रोजी फ्रेंचांनी प्रत्यक्ष कारभार भारताकडे सोपवला आणि कायदेशीर हस्तांतरण 16 ऑगस्ट 1962 रोजी पूर्ण झाले. इतक्या दीर्घ सहवासानंतर सरकारी पाट्यांवर भाषा उरणे स्वाभाविक असते. भट्टीत पाव उरणे मला अधिक नवलाचे वाटले.

हा पाव आम्ही रोज पहाटे खाल्ला. बागेत (बॅगेट) या लांबट फ्रेंच पावाचे घटक चारच: गव्हाचे पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट. फ्रान्समध्ये 1993 च्या एका शासकीय आदेशाने पारंपरिक फ्रेंच पाव म्हणून विकण्याच्या पावाचे नियम ठरवून दिले आणि 2022 मध्ये बागेत बनवण्याच्या कौशल्याला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. पण नियम लिहिणाऱ्यांनी कोरोमंडल किनाऱ्याची हवा अनुभवली नसावी. भट्टीतून निघाल्यावर कडकड वाजणारे पावाचे कवच समुद्राच्या दमट वाऱ्याने तासाभरात मऊ पडते. व्हाइट टाउन या जुन्या फ्रेंच वस्तीतल्या ज्या बेकरीत आम्ही जात असू, तिथल्या तमिळ कारागिराने हातवारे करून सांगितले की पाव विकत घेऊन समुद्रावर फिरायला जाऊ नका, आधी खा आणि मग जा. आम्ही ऐकले. दाराबाहेरच्या पायरीवर बसून, लोणी लावून, समोर चाललेल्या रहदारीकडे पाहत खाल्लेला तो पाव नंतरच्या कोणत्याही टेबलावर मिळाला नाही.

फ्रेंच म्हणवणाऱ्या उपाहारगृहांचे मात्र दोन वर्ग पाडावे लागतील. पहिल्या वर्गात पॅरिसची नक्कल असते: पिवळ्या भिंती, बोगनवेल, क्रेप, क्वचित बरे स्टेक. त्यात वाईट काही नाही, आणि सांगण्यासारखेही फारसे नाही. दुसरा वर्ग क्रिओल, म्हणजे फ्रेंच आणि तमिळ वळणे मिसळलेल्या, स्वयंपाकाचा, आणि तो शोधावा लागतो, कारण तो प्रामुख्याने घरांत टिकून राहिला आहे. एका जुन्या घराच्या अंगणात चालणाऱ्या खानावळीत आम्हाला ‘मीन पुयाबेस’ मिळाले. दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेच्या बंदरातले बुईयाबेस हे केशर आणि बडीशेपेच्या कुळातली वनस्पती घातलेले माशांचे सूप. इथे मात्र केशराच्या जागी हळद आली होती, मासा बंगालच्या उपसागरातला होता आणि नावातला पहिला शब्द तमिळ झाला होता, कारण मीन म्हणजे मासा. बहिणीने दोन घास खाऊन जाहीर केले की हे सूप नसून पातळ कालवण आहे. मला तिचे म्हणणे पटले, आणि म्हणूनच ते आवडले. शेजारच्या टेबलावर ‘विंदाई’ आले होते. पोर्तुगीजांच्या व्हिनेगर-लसणातल्या मांसापासून गोव्यात विंदालू झाले, त्याचाच हा सोयरा. फ्रेंच वसाहतीत एक पोर्तुगीज पदार्थ तमिळ स्वयंपाकिणीच्या हातून तयार होतो, तेव्हा तो कोणत्या देशाचा हे ठरवायला बसणाऱ्याचे जेवण थंड होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही ज्या गोष्टीसाठी मुख्यतः आलो होतो, ती सापडली. एका घराच्या ओट्यावर मांडलेल्या छोट्या टपरीवर एक पन्नाशीच्या बाई तेलात गुंडाळ्या तळत होत्या. फ्रेंच लोक त्यांना ‘नेम’ म्हणतात. दक्षिण व्हिएतनामच्या उच्चारात त्यांचे नाव ‘चा यो’. तांदळाचा पारदर्शक, ठिसूळ पापड पाण्याचा हात लावून मऊ करायचा, त्यात कोळंबी, गाजर, कांदा, काळे अळंबे आणि मुगाच्या सत्त्वापासून केलेल्या काचेसारख्या शेवया भरायच्या, घट्ट वळायचे आणि मंद आचेवर तळायचे. लेट्यूसच्या पानात पुदिन्यासोबत ती गुंडाळी ठेवून आंबट-गोड-तिखट पाण्यात बुडवून खातात. या पाण्याचा जीव म्हणजे ‘नुओक माम’: आपल्या मांदेलीच्याच कुळातले लहान मासे मिठात अनेक महिने मुरवून काढलेला रस. वास उग्र असतो. बहिणीने आधी नाकाला पदर लावला, मग वाटी आपल्याकडे ओढून घेतली.

हा पदार्थ पर्यटकांच्या मागोमाग आलेला नाही. 1881 च्या एका फ्रेंच आदेशाने इथल्या भारतीयांना आपला परंपरागत वैयक्तिक कायदा सोडून फ्रेंच नागरी कायदा स्वीकारण्याची मुभा दिली. असे करणाऱ्यांना ‘रनोंसाँ’, म्हणजे त्याग करणारे, असे नाव पडले. त्यांच्यापैकी अनेकांना फ्रेंच इंडोचायनात (आजचे व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) कारकून, शिपाई, पोलीस, करवसुली अधिकारी अशा नोकऱ्या मिळाल्या आणि सायगावमध्ये पुद्दुचेरीच्या तमिळ कुटुंबांची वस्ती झाली. काहींनी तिथल्या मुलींशी लग्ने केली. 1954 मध्ये फ्रेंचांची तिथली सत्ता संपल्यावर, आणि नंतर 1975 मध्ये सायगाव पडल्यावर, यांतली कितीतरी कुटुंबे परतली किंवा फ्रान्सला गेली. टपरीवरच्या बाईंची आजी अशाच एका कुटुंबासोबत बोटीने आली होती. मोडक्या इंग्रजीत आमचा संवाद चालला होता. आजी नातवंडांशी तमिळ बोलत असे, आजोबांशी फ्रेंच आणि रागावली की व्हिएतनामी, असे त्या हसत म्हणाल्या. दुकानाला नाव नव्हते. तांदळाचे पापड कुठून आणता, असे विचारल्यावर त्यांनी फक्त ‘येतात’ एवढेच सांगितले, आणि मीही पुढे विचारले नाही.

त्याच रात्री, कौतुकाच्या भरात, आम्ही एका गच्चीवरच्या प्रसिद्ध उपाहारगृहात शिरलो आणि पस्तावलो. मेनूकार्डाची बारा पाने होती: इटली, मेक्सिको, थायलंड, चीन, लेबनॉन. आम्ही तीन देश मागवले आणि तिन्ही देशांतून एकच टोमॅटोचा गोड रस आला. नाव लिहीत नाही, कारण असे ठिकाण प्रत्येक पर्यटनस्थळी असते आणि दिव्यांच्या माळा चांगल्या होत्या.

चौथ्या दिवशी दहाएक किलोमीटरवरच्या ऑरोविल या आंतरराष्ट्रीय वसाहतीत गेलो. याचे मूळही पुद्दुचेरीच्या फ्रेंचपणातच आहे. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत असताना मराठी शिकलेले अरविंद घोष 1910 मध्ये ब्रिटिशांच्या हद्दीबाहेरचे गाव म्हणून इथे आले. पॅरिसमध्ये जन्मलेल्या त्यांच्या आध्यात्मिक सहकारी मीरा अल्फासा, म्हणजे माताजी, 1920 पासून इथेच राहिल्या आणि त्यांच्या कल्पनेतून 28 फेब्रुवारी 1968 रोजी ऑरोविलची स्थापना झाली. त्या दिवशी 124 देशांची माती एका कुंभात एकत्र केली होती. आज तिथे सुमारे 60 देशांची माणसे राहतात, त्यामुळे लाल मातीच्या रस्त्यावर झाडीतून जाताना इटालियन पिझ्झा, कोरियन भात आणि आंबवलेल्या पिठाचा जर्मन वळणाचा पाव एका दुपारच्या अंतरावर मिळतात. पिझ्झा उत्तम होता, चीज तिथलेच होते; एवढे पुरे.

माझे लक्ष वेधले ते सोलर किचनने. सामुदायिक भोजनगृहाच्या छतावर 15 मीटर व्यासाचे आरशांचे एक वाडगे आहे. ते स्वतः हलत नाही. सूर्य सरकतो तशी किरणे एकवटण्याची जागा सरकते आणि तिच्या मागोमाग उष्णता गोळा करणारी एक नळी फिरते. तिच्यात तयार होणाऱ्या वाफेवर खालच्या प्रचंड भांड्यांत भात आणि भाज्या शिजतात आणि ढगाळ दिवशी बॉयलर मदतीला येतो. आदल्या दिवशी नोंदणी करून आम्ही तिथे शाकाहारी जेवण जेवलो. भात, डाळ, उकडलेल्या भाज्या, कोशिंबीर: यात कोणत्याही देशाची चव ठळक नव्हती. जगभरच्या माणसांना रोज एका पंगतीत बसवायचे तर मसाला हळू हाताने घालावा लागतो, हे समजण्यासारखे असले तरी बहिणीने पर्समधून लसणाची चटणी काढलीच. समोरच्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी विचारून चिमूटभर घेतली, मग पुन्हा मागितली.

शेवटच्या दिवशी गूबेर मार्केटमध्ये वडवम घ्यायला गेलो. छोटे कांदे, लसूण, मोहरी, जिरे, मेथी, उडीद डाळ, हळद आणि कढीपत्ता एकत्र करून, एरंडेल लावून, गोळे वळून दिवसचे दिवस उन्हात वाळवतात. आपल्या सांडग्यांसारखे ते वाळवण असले, तरी भाजी म्हणून नव्हे, तर फोडणीत कुस्करून वापरतात. फ्रेंचांनी याचीच तिखटपणा उतरवलेली पूड केली आणि ‘वादुवाँ’ या नावाने ती आता परदेशी स्वयंपाकघरांत सुबक डब्यांतून पोहोचली आहे. विकणाऱ्या अम्मांना मी हे सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी मान डोलावली, दोन गोळे जास्त टाकले आणि घट्ट बांधा, वास सुटतो, असे खुणेने बजावले.

आम्ही तिहेरी पिशवीत बांधले होते. तरीही परतीच्या गाडीत पहिल्या रात्री वरच्या बर्थवरचे काका खाली वाकून म्हणाले, “ताई, लसणाची फोडणी कुणी दिली का हो?”